खडकीच्या बीम केंद्राची प्रतिकृती: नोंद चौथी

खडकीच्या जुन्या बिनतारी केंद्रातील ॲन्टेनाची छोटी प्रतिकृती मी बनवत आहे. मागच्या नोंदीच्या वेळी तिची केवळ लाकडी चौकट तयार होती. आता तिच्यावर आठ उभ्या तारांचा पडदा आणि त्यामागे सोळा तारांचा परावर्तक असे दोन्ही बसवून झाले आहेत, आणि या महिन्यात पहिल्यांदाच त्यात 436 मेगाहर्ट्झचा संदेश सोडून मोजमाप घेता आले. पहिले मोजमाप पूर्णपणे चुकले. ते का चुकले हे शोधताना खडकीच्या मूळ केंद्राची रचना मला जितकी समजली तितकी ती दोन वर्षांच्या वाचनातूनही समजली नव्हती, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पुण्याजवळच्या खडकीला, त्या काळच्या कागदपत्रांतल्या ‘किर्की’ला, इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे लघुलहरींवरचे प्रक्षेपण केंद्र होते आणि त्याचे जोडीदार ग्रहण केंद्र दौंडला होते. 6 सप्टेंबर 1927 रोजी या दोन केंद्रांद्वारे भारत आणि ब्रिटन यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. पलीकडच्या टोकाला ग्रिम्सबीजवळ प्रक्षेपण आणि स्केगनेसजवळ ग्रहण अशी तशीच जोडी होती. प्रक्षेपण आणि ग्रहण यांत इतके अंतर ठेवण्याचे कारण साधे आहे: स्वतःच्याच प्रक्षेपकाचा प्रचंड जोर शेजारी असता, तर हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश ग्राहकाला ऐकूच आला नसता. (त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईत सुरू झालेले इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र श्रोत्यांसाठी होते, तर खडकीहून केवळ मोर्सच्या तारा जात. या दोहोंची गल्लत अनेक लेखांत झालेली दिसते, ती टाळावी.)

हे केंद्र उभे राहिले ते एका मोठ्या योजनेला कलाटणी मिळाल्यामुळे. साम्राज्यातील देशांना बिनतारी साखळीने जोडण्याचा विचार ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधीपासून चालू होता. पण तो लांब लहरींवर, म्हणजे अवाढव्य मनोरे आणि अवाढव्य शक्ती यांवर आधारलेला होता. 1 जानेवारी 1926 रोजी सुरू झालेल्या रग्बी केंद्राचे बारा मनोरे प्रत्येकी 820 फूट उंच होते, यावरून त्या मार्गाचा आवाका लक्षात येईल. दरम्यान मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन यांनी पोल्ढूहून लघुलहरींचे प्रयोग चालवले होते. 1923 मध्ये ‘एलेट्रा’ या नौकेवरून मार्कोनींनी 97 मीटरचे संदेश केप व्हर्दपर्यंत ऐकले आणि पुढच्या वर्षी 32 मीटरची लहर भर दिवसाही दूरवर पोचते हे त्यांना दिसले. जुलै 1924 मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसने मार्कोनी कंपनीशी बीम केंद्रांचा, म्हणजे एकाच दिशेला शलाका रोखणाऱ्या लघुलहरी केंद्रांचा, करार केला. त्यातील अटी कडक होत्या: भारताच्या मार्गावर दिवसाकाठी सरासरी बारा तास, दोन्ही दिशांनी मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने काम चालले पाहिजे आणि सलग सात दिवसांच्या कसोटीत हे सिद्ध झाले पाहिजे.

येथे आपल्या छंदाचा, म्हणजे हौशी रेडिओचा, हक्काचा वाटाही नोंदवला पाहिजे. अमेरिकेतील 1912 च्या कायद्याने 200 मीटरखालच्या लहरी निरुपयोगी समजून हौशी मंडळींकडे ढकलल्या होत्या. त्याच मंडळींनी नोव्हेंबर 1923 मध्ये सुमारे 110 मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले. ऑक्टोबर 1924 मध्ये लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी संपर्क साधला. हेच गॉयडर पुढे ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता झाले आणि त्या संस्थेच्या लघुलहरी प्रक्षेपकांची पहिली उभारणी त्यांच्या हाताखाली झाली. आपल्या बँडवर बसणाऱ्या प्रत्येकाला ही साखळी ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

आता प्रतिकृतीकडे वळतो. बीम केंद्रांसाठी मार्कोनी कंपनीचे जाळीदार मनोरे 287 फूट उंच, एकमेकांपासून 650 फुटांवर असत आणि त्यांच्या माथ्यावर 90 फुटांचा आडवा हात असे. खडकीहून दिवसा सुमारे 16 मीटर आणि रात्री सुमारे 34 मीटर तरंगलांबी वापरली जाई. मी दिवसाची लहर घेतली आणि ती आपल्या हौशींच्या 70 सेंटिमीटर बँडवर (म्हणजे वरच्या 436 मेगाहर्ट्झवर) आणली, म्हणजे प्रमाण साधारण 1:24 झाले. या प्रमाणात मनोरा 3.7 मीटरचा आणि दोन मनोऱ्यांतील अंतर 8.4 मीटर होते. एवढी लांबी गच्चीवर मावणार नाही, म्हणून मी पडद्याचा एक भागच केला आहे.

फ्रँकलिन यांच्या रचनेचा गाभा असा की, एकाच उभ्या तारेत अर्ध्या लहरीचे अनेक तुकडे एकावर एक येतात आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तार दुमडून घेतलेली असते. त्या दुमडीतला प्रवाह स्वतःचाच परिणाम रद्द करतो, त्यामुळे बाहेर दिसणाऱ्या सगळ्या तुकड्यांतील प्रवाह एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच वेळी एकाच दिशेने, राहतात. माझ्या प्रत्येक तारेत असे तीन तुकडे आहेत, प्रत्येकी 33 सेंटिमीटरचे. मागे पाव लहरीच्या अंतरावर परावर्तकाच्या तारा आहेत. त्यांची संख्या मूळ केंद्रांप्रमाणेच पुढच्या तारांच्या दुप्पट ठेवली आहे.

खरी कसोटी मात्र फीडरची, म्हणजे प्रक्षेपकापासून तारांपर्यंत शक्ती नेणाऱ्या वाहिनीची, होती. मूळ केंद्रात प्रक्षेपकापासून निघालेली एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांची वाहिनी झाडासारखी फुटत जाई, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि खोडापासून प्रत्येक तारेपर्यंतचा मार्ग अगदी सारख्या लांबीचा ठेवला जाई. मीही तेच केले. प्रत्येक फाट्यावर 75 ओहम केबलचे पाव लहरीचे तुकडे आणि शेवटी आठ फांद्या, प्रत्येकी बरोबर एक मीटर. एसडब्ल्यूआर (वाहिनीतून किती शक्ती परत फिरते याचे माप) उत्तम आला. मैदानावर पडद्यापासून 30 मीटरवर ग्राहक नेला तर समोर संदेश जवळजवळ शून्य, आणि दोन्ही बाजूंना सुमारे 10 ते 11 अंशांवर दोन ठळक शिखरे!

दोन रविवार तारा तपासण्यात गेले, पण दोष तिथे नव्हताच. दुकानातून आणलेली केबल मध्येच संपल्यामुळे डावीकडच्या चार फांद्यांसाठी दुसरे वेटोळे घेतले होते, आणि त्यातले रोधक फोमचे होते. पहिल्या केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधील लहरीचा वेग प्रकाशवेगाच्या किती पट) 0.66, तर दुसरीचा 0.82. एक मीटर लांबीत पहिलीत 2.20 लहरी मावतात आणि दुसरीत 1.77. फरक 0.43 लहरीचा, म्हणजे सुमारे 155 अंशांचा. पडद्याचा डावा अर्धा उजव्याच्या जवळजवळ विरुद्ध फेजमध्ये काम करत होता आणि समोरच्या दिशेला दोघे एकमेकांना पुसून टाकत होते. एसडब्ल्यूआर मीटर ही चूक दाखवत नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. प्रत्येक फांदी आपापल्या जागी नीट जुळलेलीच असते. आठही फांद्या एकाच वेटोळ्यातून पुन्हा कापल्या आणि नॅनो-व्हीएनए या छोट्या मोजणी-उपकरणावर प्रत्येकीची विद्युत लांबी (तिच्यात किती लहरी मावतात ते) जुळवली. आता समोर एकच शिखर आहे आणि त्याची रुंदी अर्ध्या शक्तीच्या मर्यादेत 13 अंशांच्या आसपास भरते. चार लहरी रुंद पडद्याकडून गणिताने हीच अपेक्षा आहे.

या अनुभवानंतर मला खडकीची खरी करामत प्रक्षेपकाच्या शक्तीत नव्हे, तर त्या नळ्यांच्या मोजमापात दिसते. आज आपण केबल विकत आणतो. त्या लोकांनी उन्हाने लांबणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर ही शिस्त पाळली आणि 7,300 किलोमीटरवरच्या एका गावाकडे शलाका रोखून धरली.

दिशेचे गणितही या वेळी पुन्हा केले. पुण्यापासून स्केगनेसची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे 39 अंश येते, म्हणून तारांचा पडदा ईशान्य-नैर्ऋत्य रेषेच्या जवळपास उभा करावा लागतो. हा मार्ग इराण आणि कॅस्पियन समुद्र ओलांडून जातो. पुण्यात सूर्य मावळतो तेव्हा इंग्लंडमध्ये दुपार असते, म्हणजे संध्याकाळी कित्येक तास अर्धा मार्ग अंधारात आणि अर्धा उजेडात राहतो. दोन तरंगलांबींची गरज का होती आणि त्या बदलण्याची वेळ नाजूक का होती, हे एवढ्यावरून समजते.

पुढचा इतिहास थोडक्यात. स्वस्त बीमसेवेमुळे समुद्री तारांच्या कंपन्या अडचणीत आल्या आणि 1929 मध्ये ब्रिटनमध्ये बीमसेवा आणि समुद्री तारा या दोहोंचे विलीनीकरण झाले. भारतात 1932 मध्ये इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली, 1933 मध्ये ब्रिटनशी रेडिओ-दूरध्वनी जोडला गेला, 1947 मध्ये सरकारने हा व्यवसाय ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस स्थापन केली, आणि 1971 मध्ये पुणे जिल्ह्यातच आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभे राहिले.

पावसाळा संपल्यावर 3.7 मीटरचे दोन मनोरे उभारायचे आहेत. त्यांसाठी ॲल्युमिनियमचे कोन आणून ठेवले आहेत. रात्रीच्या 34 मीटरच्या लहरीचा पडदाही टांगणार आहे, परंतु त्याच प्रमाणात ती सुमारे 207 मेगाहर्ट्झवर येते आणि तो आपला बँड नाही. त्यामुळे त्या पडद्याला फीडर जोडणार नाही. त्याची विद्युत लांबी व्हीएनएवर मोजून आकडे पुढच्या नोंदीत देईन.