विस्तव बघून मसाला

लालबागच्या मिरची गल्लीत खरी धामधूम मार्च ते मे. डिसेंबरात आमचा मसाला कुटायचा डंक दुपारपर्यंतच चालतो. त्या शनिवारी मोटर बंद करून आवराआवर करत होते, इतक्यात केटरिंग करणारा एक ओळखीचा मुलगा फॉइलचा डबा घेऊन आला. "मावशी, मसाला सगळा करपला. आणि रात्री दादरला गच्चीवर पार्टी आहे!"

डब्यात तंगड्या. वरून काळ्या ठिक्कर, हाडाशी मांस अजून गुलाबी. नखाने टोकरलं तर काचेसारखा कडक पापुद्रा निघाला, चव कडूजहर. नुसता मसाला करपला तर त्याची राख होऊन झडते, असा पापुद्रा धरत नाही. ही साखरच.

मिरची-धणे आमच्याकडून कुटून नेले होते, बाकीचं त्याने घरी मिसळलं होतं. "साखर किती घातलीस?"

"मिरचीइतकीच. अमेरिकन ड्राय रब आहे, मांसाला चोळायचा कोरडा मसाला, मावशी."

रेसिपी बरोबरच होती. तिकडे झाकणाच्या स्मोकरमध्ये 110 अंशांच्या आसपास मांस तासन् तास शिजतं. साखर करपायला याहून बरीच जास्त धग लागते, म्हणून तिथे ती छान तांबूस साल देते. याच्याकडे उघडी शेगडी, फुललेला कोळसा आणि त्याच्या चार बोटं वर तंगडी. तिथे साखर टिकणार कशी? कोरडा मसाला विस्तव बघूनच करायचा, यावर मी ठाम आहे. पुन्हा मोटर लावली.

त्याच्या रेसिपीतल्या पॅप्रिका मिरचीपुडीच्या जागी ब्याडगी घेतली, रंग भरपूर आणि तिखट बेताची. देठ काढले, बिया झटकल्या. धणे, जिरे, मिरी कोरडेच भाजले. घरच्या मसाल्याला आपण खडा मसाला तेलावर परततो, पण इथे तेलाचा थेंबही नको, मसाला भुरभुरला पाहिजे. त्याला स्मोक्ड पॅप्रिकाचा धुरकट वास हवा होता. स्पेनमधल्या ला व्हेराची मिरची ओकच्या धुरावर सुकवतात, तिचा तो वास. आपली मसाला वेलचीही भट्टीच्या धुरावरच सुकते. तीन-चार वेलच्या सालीसकट टाकल्या आणि डंकाखालून असा काही वास उठला, की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

जाडसरच काढलं. कुटलेला मसाला हाताला गरम लागतो, तसाच भरला तर वाफ धरून गोळे होतात. कागदावर पसरून पूर्ण गार केला, मगच लसूण आणि कांद्याची पावडर मिसळली.

मीठ मात्र मसाल्यात घालू दिलं नाही. मसाला हाताच्या अंदाजाने लागतो, मीठ वजनाने लागलं पाहिजे, किलोला 12 ते 15 ग्रॅम. ते आधी लावायचं. मांसाला पाणी सुटतं आणि तेच खारं पाणी परत आत मुरतं. अख्खी रात्र मिळाली तर उत्तम, त्याच्याकडे दोन-तीन तास होते. मग मांस पुसून कोरडं करायचं आणि वर मसाला चोळायचा.

मागच्या बाजूला शेगडी पेटवून दोन तंगड्या करून बघितल्या. कोळसे एका बाजूला ओढले, तंगड्या दुसऱ्या बाजूला, वर पातेलं पालथं. आतून शिजल्यावर निखाऱ्यावर आणल्या आणि शेवटच्या दोन मिनिटांत लिंबाच्या रसात विरघळवलेला गूळ ब्रशने फिरवला. साल लालभडक, मांस हाडापासून अलगद सुटलं. पोरगा उभ्या उभ्या अख्खी तंगडी खाऊन गेला!

रात्री उशिरा त्याचा फोन, मसाला पुरला, आता सुरमईला काय लावू? म्हटलं, हाच मसाला, धणे निम्मे. मीठ फक्त अर्धा तास आधी, मासा जास्त वेळ मिठात ठेवू नकोस, ताठरतो.