एवढं दुःख कसं बघवतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "वर्षभर ते अमेरिकेतल्या ब्लॅक दिग्दर्शकांचे सिनेमे बघतोयस म्हणे, एवढं दुःख कसं बघवतं रे?" ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीन सुरू केलं.

उत्तर सोपं आहे. दुःख वाटतं तेवढं नाहीच मुळी.

तुमच्या प्रश्नात गैर काही नाही. आपल्याकडे या समाजाची ओळख झाली ती लढ्यातून. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. बाकी जे कळलं ते हॉलिवूडकडून: मळे, चाबूक, तुरुंग आणि शेवटच्या अर्ध्या तासात एखादा सज्जन गोरा वकील. बड्या स्टुडिओचा पैसा लागला की ब्लॅक माणसाला पडद्यावर येण्याचं भाडं म्हणून काहीतरी सोसावंच लागतं, असं माझं मत झालंय. ज्यांनी पदरमोड करून, उसनवारी करून सिनेमे काढले, त्यांची माणसं मात्र रुसतात, फुगतात, कंटाळतात, नाचतात.

कॅथलीन कॉलिन्सचा 'लूझिंग ग्राउंड' घ्या. 1982 सालचा. नायिका सारा तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका, नवरा चित्रकार. त्याचं चित्र एका संग्रहालयाने घेतलंय, म्हणून स्वारी खुशीत; उन्हाळ्यात शहराबाहेर घर घेऊन राहू म्हणतो. हिला हवंय ग्रंथालय, कारण हिला परमानंदाच्या अनुभवावर निबंध लिहायचाय. तो तिकडे गावातल्या बायकांची चित्रं काढत सुटतो, आणि ही इकडे एका विद्यार्थ्याच्या सिनेमात नाचायला उभी राहते. बस, एवढंच. मावशीला दाखवला तर म्हणाली, "हिच्या नवऱ्याला एक दिवस स्वयंपाकाला लावा." एवढ्या मोकळेपणाने ती गुलामगिरीवरच्या सिनेमाबद्दल बोलली नसती. तिथे आपण सगळेच पाय पोटाशी घेऊन, गंभीर चेहरा करून बसतो.

चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' खरं तर गरिबीचा सिनेमा. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स वस्तीतला स्टॅन कत्तलखान्यात कामाला आहे आणि त्याला झोप लागत नाही. बर्नेटने तो तिथल्याच यूसीएलए विद्यापीठात शिकताना शनिवार-रविवार गाठून, बरीचशी ओळखीपाळखीची माणसं उभी करून, दहा हजार डॉलरच्या आत केला आणि 1977 साली पदवीसाठी सादर केला. त्यातला एक प्रसंग मी पुनःपुन्हा मागे नेऊन बघितला. स्टॅन आणि त्याचा मित्र घासाघीस करून गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात. ते धूड जिन्यावरून, धापा टाकत, टेकत टेकत खाली आणतात. ट्रकच्या हौद्यात कडेलाच ठेवतात. जरा आत सरकवायला हवं, पण मित्राचं बोट चेमटलंय, राहू दे म्हणतो. ट्रक चढावर हलतो आणि इंजिन धाडकन रस्त्यावर. दोघं उतरून बघतात. फुटलंय. परत गाडीत बसून निघून जातात. कॅमेरा ट्रकमध्येच मागे तोंड करून बसलेला, आणि ते इंजिन रस्त्यात लहान लहान होत जातं. मी आधी खो खो हसलो, मग पोटात कसंसं झालं. त्याच स्टॅनला कपातल्या चहाची ऊब गालाला लावून बाईच्या कपाळाची आठवण येते, आणि समोरचा दोस्त त्याची टर उडवतो. गरिबीवरच्या सिनेमात गरिबाला अशी चैन कोण करू देतं?

सगळं आवडलं असं मुळीच नाही. मेल्विन व्हॅन पीबल्सचा 1971 सालचा 'स्वीट स्वीटबॅक्स बाडअ‍ॅस साँग' इतिहासात फार मोठा. लिहिणं, दिग्दर्शन, संकलन, संगीत, नायक, सबकुछ तोच. सुरुवातीला दोनच थिएटरं मिळाली, तरी धो धो चालला. पण निम्मा सिनेमा नायक नुसता पळतो. मीही फॉरवर्ड करत पळालो.

रडू आलंच तर सिनेमा संपल्यावर, त्याची हकीकत वाचताना. 'किलर ऑफ शीप'मध्ये बर्नेटने मनासारखी गाणी लावली होती, हक्क घेतले नव्हते. त्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापट, आणि सिनेमा रीतसर थिएटरात लागला तो 2007 साली. तीस वर्षांनी! कॉलिन्स 1988 मध्ये कॅन्सरने गेली, 46 वर्षांची. 'लूझिंग ग्राउंड' तिच्या हयातीत थिएटरात लागलाच नाही. पुढे मुलीने खटपट केली आणि 2015 मध्ये लोकांनी बघितला. ऑस्कर मिशोचा 1920 चा 'विदिन अवर गेट्स' तर हरवलाच होता. त्याची एक प्रत सापडली ती थेट स्पेनमध्ये, स्पॅनिश नावाने. सिनेमा काढणं या लोकांना जमत होतं. अडत होतं ते दाखवण्यापाशी.

हैले गेरिमाने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. इथिओपियात जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला हा गृहस्थ. त्याच्या 'सांकोफा' या सिनेमाला वितरक मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच थिएटर भाड्याने घेऊन तो लावला, आणि लोक रांगा लावून आले. पुढे वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठासमोर त्याने पुस्तकं, व्हिडिओ आणि कॉफीचं दुकान काढलं, त्याचंही नाव सांकोफा. हा सिनेमा मात्र मळ्यांचा आणि चाबकांचा आहे, बघवत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न या एकाला लागू. सुरुवात त्याच्यापासून करू नका.

'डॉटर्स ऑफ द डस्ट'पासूनही नको. ज्युली डॅशचा हा 1991 चा सिनेमा डोळ्यांना मेजवानी आहे: 1902 साल, समुद्रातलं बेट, उत्तरेकडे निघालेलं अख्खं कुटुंब, पांढरे झगे, वाळूत मांडलेलं जेवण. पण पात्रं 'गल्ला' नावाच्या, तिथल्या बेटांवरच्या ब्लॅक लोकांच्या बोलीत बोलतात, आणि पहिला अर्धा तास कोण कोणाची कोण ते कळत नाही. मी शेवटी नातीगोती लावायचं सोडून दिलं. दुसऱ्यांदा बघताना लागली आपोआप.

मावशीने 'लूझिंग ग्राउंड'पासूनच सुरुवात केली. तुम्हीही तिथूनच करा.