किती छोटा चालेल?

‘पहिलाच टॅटू आहे, म्हणून अगदी छोटा, नाजूक काढायचाय. किती छोटा चालेल?’ हे इतके जण विचारतात, की एकदा नीट लिहून टाकलेलं बरं.

उत्तर मिलिमीटरमध्ये देता येतं, पण टॅटूची लांबी-रुंदी मोजून नाही. मोजायची ती दोन रेषांमधली मोकळी जागा. शाई बसते त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण 1 ते 2 मिमी खोल. वरचा थर सतत झडत असतो, तिथे ती टिकत नाही. खालच्या थरातल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू राहतो. तरी कण वर्षानुवर्षं थोडेथोडे पसरतातच. आज 0.3 मिमी असलेली रेषा काही वर्षांत दुप्पट जाड होऊ शकते. एकटी असेल तर फारसं बिघडत नाही. शेजारी अर्ध्या मिमीवर दुसरी असेल तर दोघींचा मिळून एक धब्बा होतो. म्हणून किमान 1 ते 1.5 मिमी अंतर सोडा. घरी तपासायचं तर डिझाइन खऱ्या मापात छापा आणि प्रत्येक रेषा 1 मिमीच्या स्केचपेनने गिरवा. कागदावर जे बुजेल ते त्वचेवरही बुजणार.

अक्षरांचं दुखणं याहून मोठं. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा सुरुवातीला तुटलेली असते. ती फट भरली की ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’. ‘धीर’ गोंदवून घ्यायचा आणि पाच वर्षांनी ‘घीर’ वाचायचं! ‘ष’चं पोट, ‘क’ची गाठ, जोडाक्षरांचे कोपरे हेही असेच धोक्याचे. शिरोरेषेखाली अक्षराला 7-8 मिमी उंची द्या, जोडाक्षर असेल तर 10. अनुस्वार रेषेला चिकटवू नका. एवढी जागा नको असेल तर शब्द बदला. अक्षर दाबून बसवण्यात अर्थ नाही.

जागा निवडताना बोटं आणि तळहाताची कड सोडून द्या, असंच माझं मत. तिथली कातडी लवकर झडते, घासली जाते आणि रेषा तुकड्यातुकड्यांनी पुसट होते. मनगटाची आतली बाजू, घोटा इथे कातडी पातळ असते. सुई जरा खोल गेली की शाई खालच्या चरबीत उतरते आणि रेषेभोवती निळसर सावली पसरते. याला ‘ब्लोआउट’ म्हणतात, आणि ती सावली नंतर झाकणं कठीण. पहिल्या वेळेला कोपराखालची बाहेरची बाजू उत्तम: कातडी ताणता येते, दुखतंही कमी.

एकाच सुईने काढलेली रेषा सुंदर दिसते, पण हाताचा प्रत्येक थरकाप त्यात उमटतो. तीन सुयांचा गोल गुच्छ, म्हणजे ‘थ्री आरएल’, जास्त भरवशाचा. कलाकार निवडताना ताजे फोटो पाहून भुलू नका. ताजा टॅटू बहुतेकांचा छानच दिसतो. वर्ष उलटलेल्या कामाचे फोटो मागा. सुईचं पाकीट सीलबंद असावं, तुमच्यासमोर फोडावं, आणि शाई छोट्या कपात ओतून उरलेली फेकून द्यावी. याबद्दल विचारल्यावर जो नाराज होतो, त्याच्याकडे काढू नका.

त्या दिवशी जेवून जा. आदल्या दिवसापासून दारू नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मधुमेह असेल किंवा जखमांवर फुगीर व्रण उठत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बधिर करणारं मलम लावणार असाल तर कलाकाराला सांगा, त्याने कातडीचा पोत बदलतो. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवलेला डिझाइनचा ठसा, लावल्यावर 10-15 मिनिटं वाळू द्या. मग उभं राहून, हात सैल सोडून बघा आणि शब्द मोठ्याने वाचा. ऱ्हस्व-दीर्घ इथेच सापडतं. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावायला संकोच कसला? सुईचं काम त्यानंतर बहुधा अर्ध्या तासात आटपतं.

घरी आल्यावर दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, मग मलमाचा अगदी पातळ थर. जाड थराने जखम ओलसर राहते आणि खपली मऊ पडून शाईसकट निघते. दोन-तीन आठवडे पोहणं बंद, ऊनही नको. चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल सुटते, खाज येते. खाजवायचं नाही, हलकं थोपटायचं. लालसरपणा रोज वाढत असेल, पू किंवा ताप आला तर मलम बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

साल गेल्यावर रेषा दुधाळ, धूसर दिसते. वर नवी कातडी आलेली असते, म्हणून. घाबरून लगेच दुरुस्तीला धावू नका. सहा आठवड्यांनी उजेडात बघा. तेव्हाही रेषा तुटलेली दिसली तर तेवढाच तुकडा पुन्हा भरून घ्या, अख्खी रेषा नाही. पुन्हा गिरवलेली रेषा जाड होते, आणि शेजारची मोकळी जागा तेवढीच कमी होते.