दोन दिवस उशिरा येणारी घसरण: लाँग कोव्हिडमधल्या पीईएमशी जुळवून घेताना

कोव्हिडचा ताप उतरला, टेस्ट निगेटिव्ह आली, तरी माझी तब्येत काही रुळावर येईना. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार संसर्गानंतर तीन महिने उलटूनही लक्षणं दिसत असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि त्यांना दुसरं कारण सापडत नसेल, तर तो लाँग कोव्हिड. माझं नेमकं तसंच होतं. पण सगळ्यात जास्त छळलं ते पीईएमने, म्हणजे पोस्ट एक्झर्शनल मॅलेजने. श्रम झाले की त्यानंतर सगळी लक्षणं एकदम बळावतात.

हे ओळखायला उशीर होतो, कारण ही घसरण लगेच येत नाही. साधारण १२ ते ४८ तासांनी येते. कपाट आवरलं, त्या दिवशी छान वाटलं, दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी जाग आली तर घसा दुखतोय, मानेतल्या गाठी दुखतायत, फ्लूसारखं अंग मोडून आलंय, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली. शरीर इतकं गळालेलं असूनही झोप मात्र लागत नाही. मला दर वेळी वाटायचं, पुन्हा संसर्ग झाला. परवाच्या कपाटाशी याचा संबंध कोण जोडणार? साधा थकवा रात्रभर झोपलं की उतरतो. हा उतरत नाही, कित्येक दिवस, कधी कधी आठवडे मुक्काम करतो.

तपासण्या केल्या. रक्त, थायरॉइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं नॉर्मल. त्या करायलाच हव्यात, कारण रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तर त्यावर उपचार आहेत. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस बरा, असं पीईएममध्ये धरता येत नाही. एका फिजिओथेरपिस्टने मला रोज थोडं थोडं चालणं वाढवायला सांगितलं. मी नेमाने वाढवलं आणि दर वेळी अंथरुणाला खिळले.

पुढे वाचनातून कळलं की उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये एमई/सीएफएस (दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याचा आजार) या अगदी जवळच्या आजारासाठी ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. जागतिक फिजिओथेरपी संघटनेनेही त्याच वर्षी सांगितलं की लाँग कोव्हिडच्या रुग्णाला व्यायाम देण्याआधी पीईएम आहे का ते तपासा. जानेवारी २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तर व्यायामाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे घेऊन तपासले. श्रमानंतर स्नायूंना झालेली इजा आणि पेशींमधल्या ऊर्जानिर्मितीतला बिघाड त्यांना दिसला. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, तुझी सवय मोडलीये. बाहेर पड, होशील बरी." तो मायेनेच म्हणायचा. त्याला हे वाचायला दिलं, तेव्हापासून तोच मला मध्येच खुर्चीत बसवतो.

खरी वाट सापडली ती वहीतून. माझ्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून डाव्या पानावर दिवसभरात काय काय केलं ते लिहू लागले: चालणं, अंघोळ, फोन, स्क्रीन, वादावादी, पाहुणे. उजव्या पानावर झोप आणि लक्षणं. वाईट दिवस आला की त्या दिवसाचं पान बघायचं नाही, त्याच्या आधीची दोन पानं उलटायची. काही आठवड्यांतच दिसायला लागलं की जिन्यापेक्षा लांबलेली व्हिडिओ मीटिंग मला जास्त पाडते. मन लावून वाचणं, हिशोब करणं, एखादी काळजी, इतकंच काय, जिवाभावाच्या माणसांबरोबर हसतखेळत घालवलेली संध्याकाळसुद्धा श्रमच. आणि उभ्याने, गरम पाण्याने केलेली अंघोळ हे मोठं काम.

मग सुरू झालं पेसिंग. दमल्यावर बसणं म्हणजे पेसिंग नव्हे, दमायच्या आधी थांबणं म्हणजे पेसिंग. एखादं काम जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्म्यावर थांबायचं. अंघोळ स्टुलावर बसून, स्वयंपाकही बसून. डोक्याचं काम आणि अंगाचं काम आलटून पालटून, मध्ये विश्रांती. विश्रांती म्हणजे डोळे मिटून, अंधारात, आवाज बंद. अंथरुणात पडून फोन बघणं यात धरायचं नाही. मनगटावरच्या घड्याळाचाही मला फार उपयोग झाला. आरामात असतानाच्या नाडीच्या ठोक्यांपेक्षा मिनिटाला साधारण १५ जास्त, एवढ्यावर अलार्म लावला. तो वाजला की असेन तिथे बसते. नाडी मंदावणारी औषधं चालू असतील तर हा आकडा चालत नाही, डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात अवघड असतात चांगले दिवस. "आज बरी दिसतेस की!" असं कुणी म्हणालं की साचलेली सगळी कामं डोळ्यांपुढे नाचायला लागतात. त्या दिवशीही मी कालच्या इतकंच करते. मर्यादा वाढवायची ती बराच काळ घसरण आली नाही तरच, आणि तीही अगदी थोडी.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. उभं राहिल्यावर १० मिनिटांत नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढते, रक्तदाब मात्र पडत नाही, असं असेल तर तो पॉट्स नावाचा विकार असू शकतो. लाँग कोव्हिडमध्ये तो बऱ्याच जणांना होतो, मलाही निघाला. त्यावर उपाय आहेत: जास्त द्रवपदार्थ, दाब देणारे पायमोजे, काहींना औषधं. मिठाचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. त्यावर उपचार सुरू झाल्यावर मला बसून थोडं जास्त करता यायला लागलं.

पीईएम घालवणारं औषध अजून नाही. पण माझ्या घसरणी आता विरळ झाल्यात आणि आल्या तरी लवकर ओसरतात. डॉक्टरकडे जाणं हेसुद्धा मोठे श्रम असतात, हे धरूनच मी भेट ठरवते. आदला दिवस आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवते. बोलण्यात दम जाऊ नये म्हणून वहीतली ठळक निरीक्षणं एका कागदावर उतरवून नेते. पहिल्या ओळीत लिहिते: श्रमानंतर किती तासांनी लक्षणं वाढतात आणि किती दिवस राहतात. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही तरी उत्तर त्यांच्या हातात असतं.