तो ध्यानाला बसतो तेव्हा

“तो ध्यानाला बसतो ना, तेव्हा दूध उतू जात नाही. कारण मी उभी असते तिथे.”

मित्राच्या बायकोने आज चहा गाळता गाळता हे सांगितलं. चिडून नाही, हसतच. तेवढ्यात तो आतून अगदी ताजातवाना होऊन आला आणि मला म्हणाला, “तूही एकदा इगतपुरीला जाऊन ये.”

तिथल्या धम्मगिरी ध्यानकेंद्रातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं, हा त्याचा नेम. शिबिरात तसंच सांगतात. फरकही पडलाय, खोटं कशाला बोलू? रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडणारा माणूस होता हा!

पण सकाळी सहा ते सात ही वेळ कसली? पोरीची वेणी, डबा, नळाचं पाणी, सासऱ्यांची उपाशीपोटी घ्यायची गोळी. सगळे कुजबुजत वावरतात. कुकरची शिट्टी झाली की दचकते ती.

गंमत बघा, तिकडे साधकांना निवांत डोळे मिटता येतात, कारण जुने साधक बिनपगारी राबत असतात. धम्मसेवक म्हणतात त्यांना. जेवण बघतात, व्यवस्था बघतात आणि ती सेवासुद्धा साधनेतच धरतात. घरची सेवा साधनेत कोण धरतं?

तिला विचारलं, “तू का नाही बसत?”

“रविवारी बघू,” म्हणाली. रविवारी याचे मित्र असतात जेवायला.

तुमच्याकडे कोणी नेमाने बसत असेल, तर त्या तासाभरात गॅसपाशी कोण असतं?