घरी बनवलेले यंत्र विमानतळावर नेताना

मी स्वतः जोडलेले तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र पहिल्यांदा विमानाने नेले, तेव्हा ते एका काळ्या डब्यात बंद होते. आत एक लिथियम सेल, छोटा मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी संगणक-चिप), तारांचा गुंता आणि प्रवासात काही हलू नये म्हणून ग्लू गनने भरलेला भरपूर गोंद होता. एक्स-रे झाल्यावर माझा ट्रे बाजूला घेतला गेला. "हे काय आहे?" या प्रश्नाला मी "प्रोजेक्ट आहे" असे उत्तर दिले, आणि त्यातून समोरच्या अधिकाऱ्यांना काहीही कळले नाही. बॅटरी उतरलेली असल्याने यंत्र चालू करून दाखवता येईना. त्यांनी एक पांढरी पट्टी सोल्डरच्या सांध्यांवरून फिरवली आणि ती स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या उपकरणात घातली. डबा परत मिळेपर्यंत सेन्सरची एक तार तुटली होती आणि मला फार वाईट वाटले होते.

त्यांना पडद्यावर काय दिसले असेल, हे मला नंतर उमगले. तपासणीच्या एक्स-रे चित्रात प्लॅस्टिक, गोंद, कागद असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, तर धातू निळे दिसतात. बाजारातला फोन किंवा लॅपटॉप त्यांनी हजारो वेळा पाहिलेला असतो. बॅटरी, सुट्या तारा आणि त्यांच्याभोवतीचा नारिंगी गोळा मात्र कोणत्याच ओळखीच्या वस्तूशी जुळत नाही, आणि निर्णय घ्यायला त्यांच्याकडे काही क्षणच असतात. सप्टेंबर २००७ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावर एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीला सशस्त्र पोलिसांनी अटक केली, ती तिच्या स्वेटशर्टवरच्या ब्रेडबोर्डमुळे, म्हणजे सर्किट जोडून पाहायच्या छिद्रांच्या पाटीमुळे. त्यावर हिरवे एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढेच होते. सर्किट निरुपद्रवी होते, पण पाहणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. म्हणून आपली वस्तू ओळखता येईल अशी ठेवणे ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे, असे मला मनापासून वाटते.

आता मी पारदर्शक डबा वापरतो, गोंदाऐवजी स्क्रूने बोर्ड बसवतो, तारा बांधून घेतो आणि झाकणावर यंत्र काय करते ते एका वाक्यात लिहितो. तपासणीला पोहोचताच ते बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो. सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. ते टोकांना टेप लावून केबिन बॅगेतच न्यावे लागतात. बॅटरीची मर्यादा साधारणपणे १०० वॉट-तास (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप) असते आणि त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की हा आकडा मिळतो: ३.७ व्होल्ट आणि २६०० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे २.६ अँपिअर-तासांचा सेल जेमतेम ९.६ वॉट-तासांचा भरतो. स्क्रूड्रायव्हर, पक्कड वगैरे हत्यारे मी चेक-इनमध्येच टाकतो.

मागच्या प्रवासात पुन्हा तोच प्रश्न आला. "खोलीतले तापमान मोजायचे यंत्र आहे, चालू करून दाखवू का?" असे मी विचारले. बटण दाबल्यावर पडद्यावर २४.६ असा आकडा उमटला. अधिकारी बाईंनी सेन्सरजवळ तळहात धरला, आकडा सव्वीसच्या पुढे सरकेपर्यंत पाहिला आणि डबा माझ्याकडे सरकवला.