आमची वाटचाल : जुनी नाव घेताना

हतनूर धरणाच्या फुगवट्यातली मासळी भुसावळच्या बाजारात पोचवायची आणि जोडीला फायबरच्या होड्या दुरुस्त करायच्या, हा आमचा धंदा. पत्र्याच्या दोन होड्या, थोडी जाळी आणि बर्फाच्या पेट्या एवढ्यावर सुरुवात झाली. पैसा माझा आणि पाणी आबांचं, अशी भागीदारी होती. आबा अमळनेरकडचे भोई, तापीकाठीच वाढलेले. कागदावर त्यांनी सही कधी केली नाही, पण हिशेबाची वही दर आठवड्याला त्यांच्यापुढे ठेवल्याशिवाय मी बंद केली नाही.

पहिली वर्षं बरी गेली. सांगायची गोष्ट त्यानंतरची आहे.

एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर बाजारातल्या एका बड्या अडत्याने आमच्या माणसांना दामदुप्पट उचल दिली आणि एकेक करून सगळे फोडले. ज्यांच्या घरी लग्नकार्याला मी उभा राहिलो, तेही गेले. गरिबाला उचल लागते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण अडत्याने पुढे बर्फवाल्याला आणि जाळीवाल्यालाही सांगून ठेवलं, की या लोकांना उधारी देऊ नका, हे बसले. ते मी आजही विसरलेलो नाही. त्यातच दोन्ही पत्र्याच्या होड्यांची बुडं गंजून चाळण झाली. नवी फायबर नाव आवाक्याबाहेर होती. राहिली जुनी, तीही समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, 1 जूनपासून दोनेक महिने, समुद्रात मासेमारी बंद असते. नावा वर ओढलेल्या असतात, बूड उघडं असतं, म्हणून जुनी नाव बघायची ती याच दिवसांत. पाण्यात तरंगणारी नाव दाखवून कुणी भाव सांगत असेल तर सरळ परत फिरा. आम्ही सुरत रस्त्याने कोंडाईबारी घाट उतरून गुजरातच्या किनाऱ्याला गेलो. दलालाने पहिलीच दाखवली ती निळीशार नाव, ताजा रंग, मागे आउटबोर्ड इंजिन. भाव आमच्या खिशाला अगदी बेतलेला. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

आबांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली. लोखंडाचं टोक नाही, लाकडी दांडा वापरायचा. नाकापासून मागेपर्यंत टिचभर अंतराने ते ठोकत गेले. चांगलं फायबर टणटणीत वाजतं. जिथे मॅटचे, म्हणजे आतल्या काचतंतूच्या कापडाचे, थर सुटलेत किंवा आतल्या लाकडात पाणी शिरलंय, तिथे आवाज बसका येतो. निळ्या नावेचं पुढचं अंग ठणठणीत होतं. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात आवाज बसला. मग इंजिन टांगतात त्या मागच्या फळीशी आबा गेले. इंजिनच्या पायाला धरून वर-खाली हलवलं, तशी फळीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर उघडझाप करायला लागली. वरून फायबर दिसलं तरी त्या फळीच्या पोटात प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते कुजतं, आणि रंग कितीही मारा, बाहेरून कळत नाही. आबांनी खालचा एक बोल्ट सोडायला लावला. भोकातून तपकिरी पाणी ठिबकलं.

इंजिनच्या खालच्या गिअरचा स्क्रू ढिला केला, तर ऑइल दुधाळ निघालं. म्हणजे सील गेलेलं, आत पाणी. दलाल म्हणाला, सील काय, शंभराची वस्तू. सील स्वस्त असतं हो, पण खाऱ्या पाण्यात फिरलेले गिअर आणि बेअरिंग स्वस्त नसतात. आबा माझ्याकडे वळून एवढंच बोलले, "हाई नाव लेऊ नको रे भो." दलालाने चार माणसांत आमचा अपमान केला. धरणातले लोक नावेची पारख करायला आलेत म्हणाला.

ती निळी नाव महिन्याभरात त्याच अडत्याने आणली. वाजतगाजत आणली, नारळ फोडला, पेढे वाटले. बाजारात सांगत सुटला, की यांच्याकडे पैसा नव्हता म्हणून यांनी खोट काढली. हे ऐकून घेणेकरी दारात येऊन बसायला लागले. बायकोने दागिने काढून ठेवले, ते मोडायची वेळ आली नाही ती केवळ भुसावळच्या एका खानावळवाल्या काकांमुळे. स्टेशनकडच्या बाजूला त्यांची खानावळ. त्यांनी आगाऊ रक्कम हातात ठेवली आणि म्हणाले, नाव घ्या, मासळी येईल तेव्हा वळती करू. त्या काळात आमच्याशिवाय दुसरा पुरवठादार त्यांनी ठेवला नाही, शुक्रवारी कमी मासळी गेली तरी कुरकुर केली नाही. आज त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याच्या पेटीतली कटला आणि रोहू मी अजून स्वतः निवडतो.

दुसरी नाव घेतली ती दिसायला भिकारी. उन्हाने पांढरट पडलेली, इंजिन नाही, मागची फळी उघड कुजलेली. पण ठोकून पाहिली तर बूड नाकापासून मागेपर्यंत एका सुरात वाजलं. आणि बूड सपाट होतं. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो, दोन्ही नद्यांचा गाळ हतनूरमध्ये येऊन बसतो. खोल बुडाची समुद्री नाव या गाळात रुतते, आणि बुडीत झाडांच्या खुंटांवर इंजिनचा पाय आपटतो. शिवाय खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून तीच नाव त्याच वजनाला इथे पाण्यात थोडी जास्त खोल बसते. समुद्रावर बघून आलेलं माप इथे तसंच धरू नका.

फळी आम्ही शेडमध्येच बदलली. आतलं कुजकं प्लायवुड पटाशीने सगळं खरवडून काढलं. कोपऱ्यात बोटभर जरी ओलं राहिलं तर पुन्हा तेच. आमच्या उन्हाचा इथे उपयोग झाला, एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीसच्या आसपास पारा, लाकूड खडखडीत वाळलं. पण रेझिन, म्हणजे मॅट चिकटवायचा राळेसारखा द्रव, मात्र अशा उन्हात लावू नये. तो घट्ट करणारा हार्डनर नेहमीच्या मापाने टाकला तर डब्यातच दगड होतो. पहाटे काम करायचं, हार्डनर कमी, एका वेळी थोडंच कालवायचं आणि मॅटमधली हवा रोलरने शेवटपर्यंत काढायची.

याच नावेवर आम्ही सावरलो. माणसं परत आली, शेड मोठी झाली, पुढची वर्षं सुरळीत गेली.

निळ्या नावेला दुसऱ्या पावसाळ्यानंतर बुडाला फोड आले. पुष्कळांना वाटतं की खारं पाणी फायबरचं वाईट करतं, गोडं सांभाळतं. फोडांच्या बाबतीत उलटं आहे. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत झिरपतं ते गोड्या पाण्यात जास्त जोराने, म्हणून किनाऱ्यावर दडून राहिलेला दोष धरणात आल्यावर फुगून वर येतो. नाव शेवटी आमच्याच शेडला आली. अडत्या स्वतः आला नाही, माणूस पाठवला. आम्ही फोड फोडले, आंबूस वासाचं पाणी निघालं, ते त्या माणसाला समोर दाखवलं. घासून, पूर्ण उन्हाळा वाळवून, इपॉक्सी लावून दिली. पैसे रोख घेतले. हतनूरचं पाणीच खराब, असं अडत्या आजही बाजारात सांगतो. आबांची पारख खरी होती, एवढे चार शब्द त्याच्या तोंडून अजून निघाले नाहीत.

आता गिरणा, वाघूर, सारंगखेड्याकडून पोरं मोबाईलवर फोटो पाठवतात, काका घेऊ का म्हणून विचारतात. फोटोत रंग दिसतो. कागद आधी मागवा : नाव कुणाच्या नावावर, तिच्यावर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलेला आहे, तेव्हा आपल्या पाण्यावर नोंदणीला काय लागेल ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. इंजिन वेगळं, नाव वेगळी, असे दोन भाव पाडून घ्या. ताजा रंग दिसला तर दोन ठिकाणी खरवडू द्या म्हणा, नाही म्हणाला तर उठा. आणि नाव बघायची असेल तर आम्हाला न्या. गाडीभाडं आणि जेवण द्या, ठोकून बघायचे आम्ही पैसे घेत नाही. हातोडी आबांचीच आहे, दांडा तेवढा बदललाय.